शिरूरची गाडी अजून आली नाही

विशू, मी सीडी लावली.

तुला जाऊन सोळा दिवस झाले होते. पहिल्यापासून तुझं एकच सांगणं, की आधी सीडी लावून बघ, मग काय भांडायचं ते भांड. मी भांडलो, पण सीडी काही लावली नाही. शेवटी लावली ती तुझ्या चाकूरच्या घरी, तुझ्याच खुर्चीवर बसून. खुर्चीचं एक चाक अजून तसंच अडतं. तुझी लेक गौरी शेजारी उभी होती. वहिनींनी आणलेला चहा टेबलावर तसाच गार झाला. मला काय दिसलं ते तुला माहीत आहे, कारण ते तूच करून ठेवलं होतंस. तरी मला ते तुलाच सांगायचंय. आणि माझी खोड तुला ठाऊक आहे, मी कुठलीही गोष्ट मुळापासून सांगतो, ऐकणाऱ्याला जांभया आल्या तरी.

मूळ म्हणजे लातूरचा एसटी स्टँड. अकरावी-बारावीला आपण लातूरला खोल्या करून राहायचो, तू चाकूरचा, मी शिरूर अनंतपाळचा, आणि आपलं जेवण गावाहून एसटीनं यायचं. आजही पोरांचे डबे तसेच येतात. सकाळी आई डबा फडक्यात बांधायची, वर नावाची चिठ्ठी खोचायची, घरचं कोणीतरी तो ड्रायव्हरच्या मागं नेऊन ठेवायचं, आणि इकडं आपण गाड्यांच्या पाट्या वाचत उभे. एकदा तुझा डबा मी नेला आणि माझा तू. दोन्ही फडकी लाल चौकड्यांची, चिठ्ठ्या वाटेत उडालेल्या. अंबाडीची भाजी निम्मी संपल्यावर माझ्या लक्षात आलं, की आमच्या घरी अंबाडीला कोणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी तू स्टँडवर मला हुडकत आलास. मला वाटलं, हा आता भांडणार. तू म्हणालास, "तुमच्या घरचे धपाटे लई भारी होते. उद्यापासून कोणाचा बी येऊ दे, दोघं मिळून खाऊ."

तिथंच आपला नियम ठरला. एकाची गाडी आधी आली तरी दुसऱ्याची येईपर्यंत डबा उघडायचा नाही. चाकूरची गाडी बहुतेक वेळेवर यायची आणि शिरूरची क्वचितच, त्यामुळं हा नियम पाळायचं काम सगळं तुझ्याच वाट्याला आलं. तू फलाटाच्या कठड्यावर मांडीवर डबा घेऊन बसायचास आणि मी शेजारी बसून एसटी महामंडळाला शिव्या घालायचो. एकदा तीन वाजले तरी तू फडक्याची गाठ सोडली नव्हतीस. मी म्हटलं, अरे, जेवून घे, माझं काही खरं नाही. तू गाठ आणखी आवळलीस. त्यानंतर मी तसं कधी म्हटलं नाही.

पुढं तू गोलाईजवळच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागलास आणि मी शाळेत चित्रकला. कॉम्प्युटरवर परदेशी गाड्या पळवणाऱ्या पोरांकडं बघून एके दिवशी तुझ्या डोक्यात आलं, आपल्या डब्याचा खेळ करू. किती साधा खेळ होता तो. दोन रस्ते, एक चाकूरहून आणि एक शिरूरहून, प्रत्येकाचे चार टप्पे. डबा एसटीत ठेवलेला. तो खड्ड्यांत सांडू द्यायचा नाही, बाजाराच्या दिवशी गर्दीच्या पायाखाली जाऊ द्यायचा नाही, मेंढरांच्या कळपापाशी गाडी अडली तर वेळ भरून काढायचा, आणि भलताच माणूस डबा उचलून उतरायला लागला तर आरडाओरडा करायचा. उशीर झाला की वरण आंबायचं. शेवटी लातूरचा स्टँड, तिथं कठड्यावर दोन पोरं. दोन्ही डबे पोचले की ती गाठी सोडून जेवायला लागायची आणि कंडक्टरची घंटी वाजायची.

चित्रं मी आलेख वहीवर एकेक चौकोन रंगवून काढली आणि तू ती एकेक ठिपका करून आत घातलीस. घंटीचा आवाज खरा पाहिजे म्हणून आपण टेपरेकॉर्डर घेऊन उदगीर गाडीत बसलो. कंडक्टरला वाटलं, आपण त्याच्याविरुद्ध तक्रारीचा पुरावा गोळा करतोय. त्या बिचाऱ्यानं त्या दिवशी सगळ्यांना सुट्टे पैसे परत दिले.

आणि मग आपण खाजामियाँकडं गेलो. कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसून बाँड लिहिणारे खाजामियाँ, वय सत्तरीचं, जन्मभर शेतीचे कागद लिहिलेले. क्लासचे मालक म्हणाले होते, काय असेल ते लिहून ठेवा, पुढं कटकट नको. आपण खाजामियाँना पाऊण तास खेळ समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही चीज काय हाय, ते मला समजत न्हाई. पण दोघांची हाय ना? मग सामाईक ठेवू नका, बेटा. सामाईकापायी भाई-भाई कोर्टात येतेत. वाटून घ्या आन् सुखी ऱ्हावा."

तर आपण वाटून घेतलं. चाकूरचा रस्ता विश्वनाथचा, शिरूरचा रस्ता सुहासचा, स्टँड तेवढा सामाईक, येण्याजाण्याच्या वहिवाटीसह. चित्रं माझी आणि प्रोग्रॅम तुझा, असं लिहायचं आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. शेतकऱ्याची पोरं आपण, वाटणी म्हटली की रस्ता आणि बांधच दिसणार. झाडझाडोऱ्यासह, दगडधोंड्यासह, हे खाजामियाँनी सवयीनं घातलंच. शेवटी त्यांनी चतुःसीमा विचारली. सीमा नाही म्हटल्यावर त्यांनी टाक खाली ठेवला. चतुःसीमा नसलेली मिळकत त्यांनी उभ्या जन्मात लिहिली नव्हती. तेव्हा तू गंभीर चेहरा करून सांगितलंस, पूर्वेस उजवा बाण, पश्चिमेस डावा बाण, उत्तरेस वरचा बाण, दक्षिणेस खालचा बाण. त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं. परतताना आपण सायकली हातात धरून चालत आलो, कारण हसण्यानं पॅडल मारता येईना.

आठ दिवसांनी तू मला एक स्टीलचा डबा आणून दिलास, लाल फडक्यात बांधलेला. आत एक सीडी. "घे, तुझा हिस्सा," म्हणालास. मीही तो हसत घेतला. मला वाटलं, अख्खा खेळ तुझ्या मशीनवर आहेच, ही नुसती गंमत. शिरूरचा रस्ता तू तुझ्या मशीनवरून खरोखरच पुसून टाकलास, हे मला कुठं माहीत होतं?

खेळ बाजारात न्यायचा तर दोन्ही रस्ते जोडायला हवे होते. माझी चित्रंच मी पुरी करून देत नव्हतो. घरणी नदीच्या पुलाखालचं पाणी मला पाहिजे तसं हलत नव्हतं. तू विचारायचास आणि मी म्हणायचो, थोडं थांब, नदी होऊ दे. तू वर्षभर थांबलास, मग आणखी काही महिने. नांदेडचा एक सीडीवाला तुझ्या मागं लागला होता, तेही तू मला सांगितलं होतंस. मी म्हटलं, त्यालाही थांबव.

मग एके दिवशी लातूरच्या दुकानात मला ती सीडी दिसली. कव्हरवर मी काढलेली एसटी, मी काढलेला डबा, आणि खाली एकच नाव, मालक विश्वनाथ. मी तिथून थेट तुझ्या क्लासात आलो. वीस-पंचवीस पोरं बसली होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "विशू, तू माझा बांध कोरलास."

दुसरं काहीही म्हणता आलं असतं मला. चोर म्हणता आलं असतं. तुझे वडील आणि चुलते नांगरानं वीतभर कोरलेल्या एका बांधापायी मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, चुलत्यांच्या मयतीला तुझे वडील दारातूनच परत फिरले, हे सगळं तू मला त्याच स्टँडवर बसून सांगितलं होतंस. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच तो शब्द माझ्या तोंडी आला. तू खडू खाली ठेवलास आणि एवढंच म्हणालास, की सीडी लावून बघ. दुसऱ्या दिवशी, तू मुद्दाम गावाकडून धाडलेली, फडक्यात बांधलेली एक सीडी चाकूरच्या गाडीनं माझ्यासाठी आली. मी तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही.

त्यानंतर आपण लग्नकार्यात भेटलो ते दोन अनोळखी पाहुण्यांसारखे. तू चाकूरला परत जाऊन स्वतःचा क्लास काढलास. तुला मुलगी झाली ते मला तिसऱ्याकडून कळलं. माझी आई गेली तेव्हा तू आलास, मागं उभा राहिलास आणि तसाच निघून गेलास. मी तुला बघितलं होतं, विशू. मी मुद्दाम दुसरीकडं तोंड केलं.

गेल्या वर्षी पुण्याहून ऋतुजा नावाच्या मुलीचा फोन आला. ती आणि तिचे चार मित्र जुने देशी खेळ शोधून नव्या फोनवर चालतील असे करून पुन्हा बाहेर काढतात. नांदेडच्या जुन्या बाजारात तिला आपली सीडी सापडली होती. ती सांगत होती, खेळ दुरुस्त करणं सोपं, मालक शोधणं अवघड. एकाकडं प्रोग्रॅम, दुसऱ्याकडं चित्रं, संगीतवाला परागंदा, कंपनी बंद पडलेली, कागद वाळवीनं खाल्लेले. ज्यांनी ते खेळ लहानपणी खेळले, ती माणसं चाळिशीला टेकली, आणि खेळ मात्र कुणाच्या तरी सहीवाचून कुलपात पडलेले. आपला करारनामा बघून तिच्या वकिलानं डोक्याला हात लावला. त्यानं मला फोन करून विचारलं, या मिळकतीत झाडं आहेत का? मी म्हटलं, आहेत, चिंचेची आणि लिंबाची, चाकूर रस्त्यावरची माझ्या मित्राच्या मालकीची.

तिला तुझी सही पाहिजे होती, माझी सही पाहिजे होती, माझ्याकडच्या स्टीलच्या डब्यातली मूळ सीडी पाहिजे होती, आणि नांदेडच्या त्या सीडीवाल्याचं हक्क सोडल्याचं पत्र पाहिजे होतं. तो तर केव्हाच वारला होता. त्या पत्रासाठी तू डायलिसिस चालू असताना तीनदा नांदेडला गेलास, त्याच्या मुलाचं घर शोधून काढलंस आणि पत्र आणलंस. तुझं सगळं तयार होतं. अडलं होतं फक्त माझ्यावर.

त्या निमित्तानं आपले फोन सुरू झाले. भांडायला का होईना, पण सुरू झाले. तू म्हणायचास सही कर, मी म्हणायचो आधी माझं नाव घाल, तू म्हणायचास सीडी लाव, मी म्हणायचो, ज्या कव्हरवर मी नाही ते मी उघडणार नाही. मग तू माझ्या गुडघ्याची चौकशी करायचास आणि मी तुझ्या डायलिसिसची. खरं सांगू का, मी सही लांबवत होतो त्यात एवढा एक स्वार्थ होता. सही दिली असती तर तू फोन कशाला केला असतास? हे तुला एकदा तरी सांगायला पाहिजे होतं. मी नावाचं कारण पुढं करत राहिलो.

शेवटचा फोन तू लातूरच्या दवाखान्यातून केलास. आवाज खोल गेला होता. मी पुन्हा तेच नावाचं सुरू केलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "सुहास, आजून किती थांबू मी?" मी म्हटलं, रविवारी येतो, समोरासमोर काय ते मिटवू. तू शुक्रवारी गेलास.

तेरावं झाल्यावर गौरीनं बोलावलं. तुझ्या जागी आता तीन वारस, वहिनी, गौरी आणि तुझी आई. मी सही करायला गेलो होतो आणि खोटं कशाला बोलू, मोठा उपकार करायला निघाल्यासारखा गेलो होतो. माळ्यावरचा स्टीलचा डबा पिशवीत घेतला, आणि ती न फोडलेली सीडीही घेतली, वहिनींना परत देऊन टाकावी म्हणून. तुझ्या आईंच्या अंगठ्याला शाई लावायला गौरी बसली, तर त्यांनी विचारलं हे कशाचं. सुहासकाकांच्या आणि बाबांच्या खेळाचं, असं ती म्हणाली. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी माझ्या दिशेनं तोंड केलं.

"शिरूरचं पोरगं का? त्यानं माझ्या हातची लई अंबाडी खाल्ली. आज बी जेवून जा म्हणावं त्याला."

त्यांचा अंगठा उमटला. मी पेन हातात घेतलं, आणि गौरी म्हणाली, "काका, सही नंतर करा. आधी सीडी लावा. बाबांनी तसंच सांगितलंय."

मी तिला विचारलं, सीडीत असं आहे काय, आणि तुझे बाबा ते तोंडानं का सांगत नव्हते? ती म्हणाली, मीही हेच विचारलं होतं. तू तिला उत्तर दिलं होतंस, ज्यानं चारचौघांत मला बांध कोरला म्हटलं, त्याला मी सफाई देणार नाही, त्यानं स्वतः येऊन बांध बघावा. ऋतुजालाही तू गप्प बसवलं होतंस. तूही काही कमी हट्टी नव्हतास, विशू. दोघांपैकी एक जरी शहाणा निघाला असता तरी पुरे झालं असतं.

मी प्लॅस्टिक फोडलं. पहिल्याच पडद्यावर होतं, चाकूरचा रस्ता, चित्रे सुहास, प्रोग्रॅम विश्वनाथ. मी खेळत गेलो. चिंचा आल्या, मेंढरं आली, चौथा टप्पा संपला आणि लातूरचा स्टँड आला. मी शिरूरच्या रस्त्याची वाट बघत होतो. तो आलाच नाही. तू बाजारात नेलास तो फक्त तुझा रस्ता. तुझे चार टप्पे, कागदावर होते तेवढेच, मालक म्हणून तुझं नाव तेवढ्यापुरतंच. माझ्या रस्त्याचा एक खडासुद्धा तू उचलला नव्हतास.

आणि कठड्यावर दोघांपैकी एकच पोरगं, तुझं, बसलं होतं, मांडीवर डबा घेऊन. शेजारची जागा मोकळी. खाली तू लिहून ठेवलं होतंस, शिरूरची गाडी अजून आली नाही, थोडं थांबा. मी सगळी बटणं दाबून बघितली. ते हलेना. गाठ सोडेना. गौरी म्हणाली, नांदेडच्या गिऱ्हाइकांनी तेव्हा लई तक्रारी केल्या होत्या, गेम शेवटी अडकतो म्हणून. सीडीवाला तुला म्हणाला, एवढं वाक्य काढून टाक आणि पोराला जेवू दे, खेळ संपल्यासारखा वाटेल. तू नाही म्हणालास.

मी चारचौघांत रडणारा माणूस नाही. त्या दिवशी तुझ्या आईसमोर, बायकोसमोर, पोरीसमोर रडलो. वहिनींनी चहा बदलून आणला. मग मी सही केली. बँकेत चालणार नाही अशी सही झाली. तुझ्या घरी जेवलो. अंबाडीच होती.

स्टीलच्या डब्यातली सीडी पुण्याला मी स्वतः घेऊन गेलो, डबा मांडीवर ठेवून, ड्रायव्हरच्या मागं ठेवायचा धीर होईना. ऋतुजानं ती वाचून घेतली. शिरूरचा रस्ता आता जगात तेवढा एकच, आणि तो इतकी वर्षं माझ्या माळ्यावर पडून होता. तिनं दोन्ही रस्ते जोडले, मग मला विचारलं, सर, नदीचं पाणी अजून नीट हलत नाही, ते करून घेऊ का, थोडे दिवस लागतील. मी म्हटलं, नको, आहे तशी राहू दे.

पुढच्या महिन्यात खेळ बाहेर येईल. दोघांची नावं असतील. ज्या नावासाठी मी तुला ताटकळत ठेवलं, ते बघून मला काहीच वाटलं नाही. मी तिच्या टेबलाशी बसून फक्त शेवटचा टप्पा खेळलो. पूल आला, माझी ती भिकार नदी आली, आणि शिरूरची गाडी फलाटाला लागली. शेजारच्या मोकळ्या जागेवर दुसरं पोरगं येऊन बसलं. तेव्हा कुठं तुझ्या पोरानं फडक्याची गाठ सोडली.

मला लई उशीर झाला, विशू. तू जेवून घ्यायला पाहिजे होतंस.